माणसाला लागतं किती?

दोन्ही हातांची ओंजळ करून गुरुजी ती समोरच्याच्या नाकाजवळ न्यायचे आणि विचारायचे, "माणसाला लागतं किती?" उत्तर आपण द्यायचं नसायचं. "एवढं," असं म्हणून ते ओंजळ सोडायचे आणि हात झटकायचे, जगाचा सगळा पसारा आत्ताच झटकून टाकल्यासारखे. मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं शिकवलं आणि त्यांच्या समोरच्या घरात त्याहून जास्त वर्षं राहिले. ही ओंजळ किती वेळा पाहिली असेल, सांगता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं मला ती थोर वाटली. पुढं राग यायला लागला. आणि रागही थकल्यावर जे उरतं, त्याला तुच्छता म्हणतात हे मला त्यांच्यामुळंच कळलं.

पेडगावच्या पुढं आमचं गाव. गावाच्या पूर्वेला आमची वस्ती, वस्तीत विहार, विहारामागं दोन गल्ल्या. आमच्या गल्लीच्या चढावर शेवटचं घर गुरुजींचं, समोर माझं. ते शाळेचे मुख्याध्यापक, मी तिसरीची बाई. त्यांच्या घरात खुर्ची एक, खाट एक आणि पांढरे सदरे दोन. ही यादी माझी नाही, त्यांचीच. घरात पाहुणा आला की पाण्याच्या आधी यादी यायची. "दोन सदरे. एक अंगावर, एक दोरीवर. तिसऱ्याची कधी गरज पडली नाही." पाहुणा भारावून जायचा. परभणीहून आलेले साहेब तर बाहेर पडताना आपल्याच बुटांकडं बघत जायचे.

आता जरा त्या दोरीवरच्या सदऱ्याकडं बघू. तिसरा सदरा नाही, म्हणून तो रोज धुवावा लागायचा. धुवायच्या अक्का, म्हणजे गुरुजींच्या बायको. इस्त्री ही चैन, म्हणून घरात इस्त्री नव्हती. पण मुख्याध्यापकांनी चुरगळलेल्या सदऱ्यात प्रार्थनेला कसं उभं राहायचं? मग अक्का तांब्यात निखारे भरायच्या आणि तो तांब्या फडक्यानं धरून सदऱ्यावरून फिरवायच्या. मिक्सर नको, म्हणून पाटा-वरवंटा. गॅस सगळ्या वस्तीत आला तरी यांच्याकडं चूलच, म्हणून डोक्यावर काटक्या. गुरुजी एकेक वस्तू सोडत गेले आणि सोडलेल्या प्रत्येक वस्तूचं काम अक्कांच्या अंगावर येऊन पडलं. साधं राहायचं तर घरात दुसरं कुणीतरी राबायला लागतं, हे तुम्ही कुठल्या भाषणात ऐकलंय का? मी तरी नाही ऐकलं.

शाळेतही तेच. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला नोकरी लागली, त्यानं हौसेनं ऑफिससाठी एक पंखा आणून दिला. वैशाखाचे दिवस, वर पत्रे, खाली आम्ही चार बाया आणि तीन मास्तर घामानं निथळत बसलेलो. गुरुजींनी खोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाहेर शेतात माणसं राबतायत. आपण वाऱ्याला बसायचं?" पंखा खोक्यासकट भांडारात गेला. शेतात राबणाऱ्या माणसांना त्यानं काय गारवा मिळाला, हे काही कळलं नाही. चार वर्षांनी खोकं उघडलं तेव्हा उंदरांनी वायर कुरतडून टाकली होती. त्यावर गुरुजी समाधानानं हसले. "बघा. ज्याचा मोह धरला नाही, त्याचं दुःखही झालं नाही."

मला झालं होतं. माझं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं आणि मला त्या पंख्याचं रोज दुःख व्हायचं. मी काही संत नाही. आज माझ्या घरात कूलर आहे, फ्रीज आहे, आणि सराफाच्या दुकानासमोरून मी मान खाली घालून जात नाही.

गुरुजींना हाव नव्हती असं नाही. एक होती, आणि ती भलतीच मोठी होती. आपल्याला हाव नाही, असं चारचौघांनी म्हणावं, ही ती हाव. "सत्कार नको" असं ते इतक्या ठिकाणी सांगून यायचे की लोकांना सत्कार करावाच लागायचा. मिळालेल्या शाली ते अंगावर घ्यायचे नाहीत. ट्रंकेत ठेवायचे. थंडीत अक्का दोन गोधड्या एकीवर एक घेऊन झोपायच्या आणि पायाशी ट्रंकेत शाली घडी करून पडलेल्या असायच्या. एकदा मी विचारलं, तर अक्का म्हणाल्या, "त्या मानाच्या हायत म्हणं. पांघरल्या की मान जातो."

वर्षावासात, पावसाळ्याचे तीन महिने, रोज संध्याकाळी विहारात धम्मग्रंथाचं वाचन व्हायचं. वाचायचे गुरुजीच. आवाज मोठा गोड, उच्चार स्वच्छ. आम्ही सगळे बोलतो तसं ते कधीच बोलायचे नाहीत. लय, हाय, न्हाई हे शब्द त्यांच्या तोंडून चुकूनही यायचे नाहीत. दोन पानं वाचून झाली की पुस्तक मिटायचे आणि स्वतःचं सुरू करायचे. इच्छा कशी वाढते, वाढली की कशी मोडते, मोडली की माणूस कसा जळतो. "म्हणून सोडता आलं पाहिजे. माणसाला लागतं किती?" असं म्हटलं की ओंजळ वर. माना डोलायच्या. मागं भिंतीला टेकून बाया बसलेल्या असायच्या. त्यांच्यात अक्का एका गुडघ्यावर हात दाबून बसायच्या, आणि ओंजळ वर गेली की खाली बघायच्या.

मला मात्र त्या वेळी माझी आजी आठवायची. आजीनं मला तिच्या लहानपणची विहीर सांगितली होती. काठावर चढायची परवानगी नाही. रिकामी घागर घेऊन खाली उभं राहायचं, वरच्या कुणाला दया आली तर तो लांबून ओतणार. कधी दुपार व्हायची. आजी तिथं उभी राहून काय करत असेल? मला वाटतं, ती इच्छा करत असेल. भरलेल्या घागरीची, मग स्वतः शेंदायच्या दोराची, मग स्वतःच्या विहिरीची. ती तिथं उभ्या उभ्या "माणसाला लागतं किती" असा विचार करून समाधानी झाली असती, तर आम्ही अजून तिथंच उभे असतो. थोरांनी सोडायला सांगितलं ते हावरटपण. पोटाची, पाण्याची, शिक्षणाची ओढ सोडायला कुणी सांगितलं नव्हतं. हा फरक तिसरीच्या बाईला कळत होता आणि मुख्याध्यापकांना कळत नव्हता. की कळत होता, पण सोयीचा नव्हता? मी दुसरं मानते.

आता नळाचं सांगते, कारण सगळं तिथंच येऊन थांबतं.

आमच्या वस्तीला पाणी हापशाचं. हापसा उताराच्या टोकाला, गुरुजींचं घर चढाच्या टोकाला. अक्का लग्न होऊन आल्या तेव्हापासून डोक्यावर घागर घेऊन ती चढण चढत होत्या. पन्नाशीनंतर गुडघे गेले. मधल्या कडुनिंबाखाली घागर उतरवून बसायच्या. मी शाळेतून येताना दिसले की म्हणायच्या, "लय दुखायलेत गं बाई. मला दुसरं काय बी नको बग. एक नळ दारात आला की बास."

आणि खरंच नळयोजना आली. गल्ली उकरायला सुरुवात झाली, निळे पाइप येऊन पडले. अक्कांनी त्याच आठवड्यात कुठूनशी एक तुटकी शहाबादी फरशी मिळवली. दाराच्या उजव्या अंगाला जमीन सारखी करून, खाली मुरूम घालून ती बसवली. नळ इथं येणार, घागर इथं राहणार, सांडलेलं पाणी उताराला लागून पलीकडं अळूला जाणार. सगळं त्यांनी मला हातानं दाखवलं. इतक्या वर्षांत मी त्या बाईला एखाद्या गोष्टीबद्दल इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. फरशीवर रिकामी घागर ठेवून त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या आणि बघत राहिल्या.

पंचायतीच्या पटांगणात ग्रामसभा झाली. यादी वाचली, तर आमच्या वस्तीच्या वाट्याला एक नळ कमी पडत होता. कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका, कुणी म्हणालं पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात गुरुजी उठले. सदरा कडक. सगळे गप्प झाले. "भांडण कशाला? माझ्या नावचा नळ काढून टाका आणि दुसऱ्याला द्या. आमचं हापशावर भागतं." आणि दोन्ही हातांची ओंजळ वर आली. "माणसाला लागतं किती?"

काय टाळ्या पडल्या म्हणता! उभे राहून वाजवल्या लोकांनी. मीही वाजवल्या. इतकी वर्षं ज्या माणसाला ओळखून होते, त्याच्यासाठी माझे हात आपोआप उठले. गर्दीत टाळ्या वाजायला लागल्या की हात आपले राहत नाहीत, एवढंच मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकते, आणि ते पुरेसं नाही. बाजूला अक्का बसल्या होत्या. त्यांनी पदर पुढं ओढला, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "तू बी वाजवायलीस व्हय?"

तो नळ कुणाला गेला, हे गुरुजींनी विचारलं नाही. देणं झालं होतं. यादीत पुढचं नाव आमच्याच गल्लीतल्या उतारावरच्या एका घराचं होतं. ती माणसं पुण्याला राहतात. घराला कुलूप, लग्नकार्य असलं तर उघडतं. त्या बंद घराच्या दारात नळ बसला. त्याची तोटी पहिल्याच महिन्यात ढिली झाली आणि पाण्याच्या दिवशी ते पाणी कुलपाला वळसा घालून रस्त्यावरनं वाहत जाऊ लागलं. अक्का त्याच्या शेजारून घागर घेऊन चढायच्या.

माझ्या दारात नळ आला होता. मी गल्लीवरून एक पाइप टाकला आणि अक्कांना म्हटलं, भरा. दोन वेळा भरलं त्यांनी. तिसऱ्या वेळी गुरुजी स्वतः पाइप घेऊन आले, छान गुंडाळून, त्याला सुतळी बांधून. "बाई, तुमचा हेतू चांगला आहे. पण दुसऱ्याच्या नळाची सवय लागली की मग स्वतःचा हवासा वाटतो." मी म्हटलं, "गुरुजी, तुमी एक दिवस घागर आणून बघा की." ते हसले. माझ्यासारखीनं असं बोलणं त्यांना अपेक्षितच होतं. पाइप ओट्यावर ठेवून गेले. तेव्हा मी भांडायला हवं होतं. पाइप परत टाकायला हवा होता. मी चहा ठेवायला आत गेले.

त्या पावसाळ्यात हापशाजवळच्या शेवाळावरून अक्का घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं आणि तिथून त्यांची लेक त्यांना सोनपेठला घेऊन गेली. लेक नर्स आहे, घर छोटंच आहे. महिन्याभरानं मी भेटायला गेले. अक्का भिंतीच्या आधारानं चालत मोरीपर्यंत गेल्या, नळ सोडला आणि पाटावर बसल्या. भांडं लावलेलं नव्हतं. मला म्हणाल्या, "आवाज ऐक. मी रोज जरा वेळ सोडती आन ऐकत बसती. लेक रागं भरती." मग म्हणाल्या, "आता मी न्हाई येणार तिकडं. तू सांग त्यांला. मला सांगाय लाज वाटती."

मी सांगितलं नाही. त्यांना कळायचं तेव्हा कळेल, असं ठरवलं. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं.

बघायला मिळालं. तोवर गल्लीतल्या बाया पाळीपाळीनं त्यांचं पाणी-धुणं बघत होत्या; त्या थांबल्या आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही सदरे मळले. गुरुजी भल्या सकाळी घागर घेऊन निघाले, तेव्हा मी दारातच उभी होते. हापसा चालवायची सवय नाही, घागर डोक्यावर ठेवता येत नाही. पोटाशी धरून चढले, अर्धी अंगावर सांडली. कडुनिंबाखाली बसले. नेमके अक्का बसायच्या त्याच दगडावर. मला आनंद झाला. लपवत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते माझ्या दाराशी आले. हातात रिकामी घागर, दाढी वाढलेली. नजर वर उचलत नव्हते. म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. घरात दिवसाला किती घागरी लागायच्या?"

बेचाळीस वर्षांचा संसार, आणि त्या माणसाला हे माहीत नव्हतं. मी म्हणणार होते, "माणसाला लागतं किती, गुरुजी?" वाक्य तयार होतं. कित्येक वर्षांपासून तयार होतं. पण त्यांची बोटं बघितली. हापशाच्या दांड्यानं फोड आले होते आणि त्यातला एक फुटला होता. मी म्हटलं, "अकरा. सणाला पंधरा." त्यांनी "अकरा" असं दोनदा स्वतःशी म्हटलं आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पंचायतीत अर्ज दिला. सुंदर अक्षरात, समास सोडून. स्वतःसाठी काहीतरी मागणारा तो त्यांचा पहिला अर्ज असावा. तिथल्या माणसानं हात जोडले. "गुरुजी, आमी तुमचं उदाहरण सगळ्यांला देतो. तुमीच असं केलं तर कसं?" आपल्याच मोठेपणानं दार अडवलं की काय होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. तरी ते जात राहिले. वर्षभर जात राहिले. मानी माणूस ओशाळवाणं हसत बाकावर बसलेला बघणं काही सुखाचं नव्हतं. मला वाटलं होतं, असेल.

शेवटी नळ आला. फरशीच्या बरोबर वर बसवून घेतला त्यांनी, एक बोटही इकडं-तिकडं नाही. आणि मला म्हणाले, "बाई, सोनपेठला चलता का? एकट्यानं जायला..." मी गेले.

अक्का खाटेवर बसल्या होत्या. गुरुजी उभेच राहिले. "नळ आला," म्हणाले.

"कवा?"

"परवा. तू ठेवलेल्या फरशीवर."

"बरं झालं," अक्का म्हणाल्या. "तुमचा हापशावरचा हेलपाटा चुकला."

"तुझ्यासाठी बसवला. चल."

अक्कांनी गुडघ्यावरचा पदर सारखा केला. रागावलेल्या दिसत नव्हत्या. मग मोरीकडं बघून म्हणाल्या, "मला आता लय पाणी लागतंय बगा. तुमाला न्हाई झेपायचं." गुरुजींनी मान हलवली. ओंजळ करणारे हात मांडीला चिकटून होते.

परतताना बसस्टँडवर मी चहा घ्यायला थांबले. ते चहा घेत नाहीत हे सगळ्या तालुक्याला माहीत; नोकरीला लागले त्या वर्षी सोडला होता. म्हणाले, "मलाही सांगा." प्यायले. कप खाली ठेवला नाही, पुढं केला. दुसरा प्यायले. आणि रिकाम्या कपाच्या तळाकडं बघत, शाळेतली ती स्वच्छ भाषा सोडून, आमच्यासारखं बोलले. "मला लय आवडायचा बाई चहा. लय आवडायचा." मी तोंड फिरवून गाडीची पाटी वाचत उभी राहिले. त्या माणसाची कीव येणं मला परवडणारं नव्हतं, पण आली.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. ताप आला, चार दिवसांत संपलं. विहारात शोकसभा झाली. एकेक जण उठून बोलला, आणि प्रत्येकाला बोलायला तोच नळ. दारात आलेला नळ दुसऱ्याला देणारा माणूस, अशी माणसं आता होत नाहीत, वगैरे. पुढं त्यांनी त्याच नळासाठी वर्षभर चपला झिजवल्या, हे कुणालाच आठवत नव्हतं. माणसं गेल्यावर लोकांना सोयीचंच आठवतं.

अक्कांना लेकीनं आणलं होतं. जमिनीवर बसता येत नाही म्हणून त्यांना खुर्ची दिली होती, गुरुजींच्या घरातली ती एकुलती एक. कुणीतरी म्हणालं, अक्कांनी दोन शब्द बोलावेत. त्या कधी बोलल्या नव्हत्या, नाही म्हणतील असंच सगळ्यांना वाटलं. त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"समदे म्हणतेत, ह्यांनी नळ दिला," त्या म्हणाल्या. "ह्यांनी कवा पाणी भरलं व्हतं? नळ ह्यांचा नव्हताच. माजा व्हता."

आणि बसल्या. माझे हात उठायला बघत होते. या वेळी ते माझे होते, पण मी ते मांडीत दाबून धरले. एकदा चुकीच्या जागी वाजवलेल्या हातांना तेवढा अधिकार नाही, असं मला वाटलं.

सभा संपल्यावर मी अक्कांना धरून घरी नेलं. पाण्याचा दिवस होता. त्या फरशीच्या कडेला ओट्यावर टेकल्या, घागर नळाखाली सरकवली आणि तोटी फिरवली. घागर भरली, काठावरून वाहायला लागली, पाणी उताराला लागून अळूच्या सुकलेल्या वाफ्याकडं निघालं. मी सवयीनं नळ बंद करायला वाकले.

"राहू दे जरा," अक्का म्हणाल्या.